पीठ माझं चुकलं नव्हतं

ज्वारीची भाकरी मी लग्नाआधीपासून थापते आहे. त्यामुळे रोटीमेकर विकणाऱ्या माणसाने फोनवर “ताई, तुमचं पीठच चुकतंय” असं सुनावलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तो राग अजून गेलेला नाही.

हडपसरच्या ज्या प्रदर्शनात त्याच्याकडून यंत्र घेतलं, तिथे मी एवढंच विचारलं होतं, ज्वारीची भाकरी होते का? आमच्याकडे लोणी काळभोरला रात्री भाकरीच लागते. नुसत्या फुलक्यांसाठी मला यंत्र नको होतं. “भाकरी, थालीपीठ, डोसा, सगळं होतं,” असं तो चारचौघांत म्हणाला. जाऊबाई शेजारीच होत्या, त्यांनीही ऐकलं.

घरी गरम पाण्यात भिजवून, तळहाताने रगडून मळलेला गोळा ठेवला आणि झाकण दाबलं. फस्सकन वाफ आली. उघडून बघते तर कडा फाटून बाहेर आलेल्या आणि मधला भाग वरच्या तव्याला चिकटलेला. पाणी कमीजास्त केलं, दुसऱ्या गिरणीचं पीठ आणलं, तरी तेच. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून ते पीठ ताणलं तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसतं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो, त्याच्याच जोरावर भाकरी धरून राहते, आणि म्हणूनच ती फिरवत फिरवत थापायची असते. दोन तापलेल्या तव्यांत एका झटक्यात दाबली की ती फाटणारच. यात माझ्या पिठाचा काय दोष?

पुढे उरुळी कांचनला तोच माणूस टेबल मांडून उभा दिसला. मी मुद्दाम मागच्या बाजूने गेले. टेबलाखाली मैद्याची फाडलेली पिशवी, तेलाची बाटली आणि ओल्या फडक्याखाली सैलसर मळलेले गोळे होते. समोरच्या बायकांना मात्र तो “घरचंच गव्हाचं पीठ” म्हणून सांगत होता. मी पिशवीकडे बोट दाखवलं तर म्हणतो, “मॅडम, माझं गिऱ्हाईक मोडू नका.” मग मी त्याची कोण होते?

पैसे मागितले तेव्हा “पावतीवर लिहिलंय, माल परत घेतला जाणार नाही” हे उत्तर आलं. त्या पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ज्या पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तिथे हे असं चालतं! बायांनो, नीट लक्षात ठेवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं, हेही त्यातच येतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा. पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

यंत्रांवर माझा राग नाही. कुकरशिवाय माझं पान हलत नाही. फक्त घेताना आयएसआयची खूण बघा, २०२१पासून ती सक्तीची आहे. होळीला पुरणयंत्राने हात वाचतात. मिक्सरचं तर उदाहरणच घ्या. परदेशी मिक्सर आपलं वाटण वाटताना बंद पडला, म्हणून सत्यप्रकाश माथुर या मुंबईच्या इंजिनिअरने १९६०च्या दशकात सुमीत मिक्सर तयार केला. आपल्या स्वयंपाकासाठी केलेली वस्तू अशी टिकते. दोरी ओढायचा चॉपर चार कांद्यांना ठीक आहे, पण पालेभाजीचा त्यात लगदा होतो. तिथे विळीच बरी. इंडक्शन घेण्याआधी घरातल्या भांड्यांना खालून चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर ते भांडं त्यावर तापणार नाही.

सध्या सगळीकडे एअर फ्रायरचं चाललंय. शेंगदाणे, पापड त्यात छान भाजतात. बटाटेवड्याचं ओलं पीठ मात्र जाळीतून खाली गळतं, कारण कढईतल्या तेलात धरतं तसं ते तिथे लगेच धरत नाही. दुकानदार “वडेही होतात” म्हणाला, तर तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा, आणि भिजवलेलं डाळीचं पीठ आपलं घरून न्या.