तिसऱ्या वर्षाचे मूल



मूल तान्हे असते तेव्हा त्याच्याकडे सर्वांचे लक्ष असते. आई लस टोचण्याचा दिवस विसरली तर शेजारीण आठवण करून देते. पुढे तीन वर्षे भरली म्हणजे ते अंगणवाडीत बसू लागते, आणि तेथे त्यास शिजलेले अन्न व शिक्षण मिळते. परंतु ह्या दोहोंच्या मधले, म्हणजे दोन पुरी होऊन तीन भरेपर्यंतचे वर्ष बहुधा कोणाच्याच हिशेबात नसते. अंगावरचे दूध सुटलेले, पाठचे भावंड आलेले. "आता चालते-बोलते झाले, घरात असेल ते खाईल," असे म्हणून आपण निश्चिंत होतो.

गेल्या हंगामात अंथुर्ण्याच्या शिवारात ऊसतोड कामगारांच्या एका कोपीपाशी आम्ही थांबलो. गाडीच्या सावलीत अडीच वर्षांचा मुलगा बसला होता. "फार शहाणा आहे, रडत नाही, हट्ट करीत नाही," असे त्याची आजी कौतुकाने म्हणाली. त्याचा दंड मोजला तो १२ सेंटिमीटर भरला. ते शहाणपण नव्हते. ती भूक होती. ह्यास्तव ह्या वर्षाचा नीट अभ्यास करू.

१. शरीराची वाढ. निरोगी मुलगा दोन वर्षांचा असता सुमारे १२ किलो भरतो आणि तीन वर्षांचा झाला म्हणजे सुमारे १४. मुलगी किंचित कमी. उंची साधारण ८७ सेंटिमीटरांवरून ९६ पर्यंत जाते. तीन वर्षांच्या सुमारास दुधाचे वीसही दात आलेले असतात. अशी संथ वाढ थांबली तरी डोळ्यांस दिसत नाही. ती तराजूसच दिसते. म्हणून दरमहा वजन करावे. दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरांहून कमी असेल तर मूल कुपोषित समजावे, ११.५ हून कमी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

"आमची मुले मुळातच खुजी," असे कोणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ ह्या काळात भारतासह सहा देशांतील मुलांची मापे घेतली. जेथे अन्न, स्वच्छता व आईची काळजी पुरेशी होती, तेथील मुले जवळजवळ सारखीच वाढली. तेव्हा आपल्या मुलांचे खुजेपण बहुतांशी रक्तातले नसून ताटातले व पाण्यातले आहे.

२. वाचा व बुद्धी. दोन वर्षांचे मूल "पाणी दे", "बाबा गेले" असे दोन शब्द जोडते. तीन भरताना ते तीन-चार शब्दांचे वाक्य बोलते, आणि परक्यासही त्याचे बोलणे बहुतेक कळते. ते दोन्ही पायांनी उडी मारते, मातीत गोल रेघ काढते, खापरीवर लुटुपुटीची भाकरी भाजते. "हे काय?" असे ते शंभरदा विचारील, शंभरदा उत्तर द्यावे, कारण त्याची शाळा तीच होय. "नाही" आणि "माझे" हे त्याचे आवडते शब्द असतात. तो हट्ट म्हणजे उर्मटपणा नव्हे. आपण आईहून निराळे कोणी आहोत हे त्यास नुकतेच उमगू लागलेले असते. त्यास मारू नये. शांतपणे दुसरीकडे वळवावे. दोन वर्षे पुरी होऊनही ते शब्द जोडीत नसेल, हाकेस वळत नसेल, अथवा आलेले बोलणे गेले असेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणून वाट पाहू नये. प्रथम त्याचे कान तपासून घ्यावे.

३. आहार. ह्या मुलाचे पोट लहान व गरज मोठी. म्हणून दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे. त्याचे ताट निराळे असावे. मोठ्यांच्या ताटात जेवणाऱ्या मुलाने किती खाल्ले हे कोणास कळत नाही. भाकरी वरणात अथवा दुधात कुस्करून वर चमचाभर तेल घालावे. अंडे, शेवग्याचा पाला, दाण्याचा कूट द्यावा. अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. चहाने भूक मरते व अन्नातले लोह अंगी लागत नाही. जीवनसत्त्व 'अ'चा डोस व जंतांचे औषध दर सहा महिन्यांनी चुकवू नये.

४. आपले कर्तव्य. आपल्या भागात नीरा डाव्या कालव्याने ऊस आणिला, आणि उसाबरोबर धोकेही आले. कालवा, शेततळे व उघडा हौद ह्यांजवळ दोन वर्षांचे मूल क्षणभरही एकटे सोडू नये. फवारणीची औषधे पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नयेत.

सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलास अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो. तो त्या मुलाचा वाटा आहे, साऱ्या घराचा नव्हे. बाहेरगावाहून तोडणीस आलेल्यांच्या मुलांसही हा हक्क आहे. पण आई पहाटेच फडात जाते, तिला अंगणवाडी कोठे हे कोण सांगणार? ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा मुले शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपणही सेविकाबाईंस बरोबर घेऊन कोपीपर्यंत जावे.

त्या मुलाचे नाव अंगणवाडीत घातले. तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्याने आमची छत्री ओढून "माझी!" म्हणून आरडाओरडा केला. ती ओरड ऐकून आम्हांस फार आनंद झाला.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या आळीत दोन ते तीन वर्षांची मुले किती? त्यांचे वजन शेवटी केव्हा केले?
२. मूल गप्प बसले तर ते शहाणे, की भुकेले? कसे ओळखाल?
३. गावाबाहेरच्या कोप्यांकडे ह्या आठवड्यात कोण जाईल?