तारा निघाल्या, बदली झाली, रिटेनरचे काय?

मुलांच्या दातांना तारा लावताना घरात खर्चाची चर्चा पुष्कळ होते. दीड-दोन वर्षे दवाखान्याच्या फेऱ्या होतात आणि तारा निघाल्या की उपचार संपला, असे सारे मानतात. वस्तुतः त्या दिवशी उपचाराचा अधिक दीर्घ भाग सुरू होतो. तो पार पाडतो रिटेनर.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. सूक्ष्म तंतूंनी तो हाडाशी व हिरडीशी बांधलेला असतो. दात नव्या जागी आणल्यावर मुळाभोवतीच्या तंतूंची फेरबांधणी तीन-चार महिन्यांत होते. हिरडीतील लवचिक तंतूंना मात्र वर्षभरही लागू शकते आणि तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. गोल फिरलेला दात सरळ केला असेल, तर ही ओढ विशेष जाणवते. शिवाय वयोमानाप्रमाणे खालच्या पुढच्या दातांत दाटी होतेच, कधीही तारा न लावलेल्यांच्याही. (त्याचा दोष अक्कलदाढेवर टाकण्याची आपल्याकडे प्रथा आहे; संशोधनातून तिला फारसा आधार मिळालेला नाही.) अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 1981 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपदाढा काढून उपचार केलेल्या 65 रुग्णांची रिटेनर बंद झाल्यावर दहा वर्षांनी तपासणी झाली. सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या खालच्या पुढच्या दातांची रचना समाधानकारक राहिलेली नव्हती.

डॉ. चार्ल्स हॉली यांनी 1919 च्या सुमारास रूढ केलेला तार व टाळूच्या पट्टीचा रिटेनर आजही वापरात आहे. दुसरा पारदर्शक प्लास्टिकचा; दिसायला छान, पण तुलनेने नाजूक. तिसरा, दातांच्या मागे कायम चिकटवलेली बारीक तार. काढता येणारा रिटेनर साधारणतः पहिले काही महिने जेवण व दात घासणे वगळता दिवसरात्र आणि नंतर रोज रात्री वापरावयाचा असतो; नेमका काळ आपले दंतरचनातज्ज्ञच ठरवतील.

बँकेच्या नोकरीत खरी अडचण येते ती बदलीची. समजा, पुण्यात मुलीच्या तारा निघाल्या आणि दोन महिन्यांत वडिलांची नेमणूक तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे झाली. हे गाव मराठी माणसाला सर्वस्वी परके नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजी राजांनी येथे मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभारले. तंजावरच्या या छत्रांत वाटसरूंना जेवण मिळे आणि आजारी पडलेल्यांवर उपचारही होत. आजच्या वाटसरूने मात्र आपले कागद सोबत न्यावेत: उपचाराचा सारांश, क्ष-किरण चित्रे आणि तारा निघाल्यानंतरचे दातांचे साचे किंवा त्यांचे संगणकीय स्कॅन. साचा जवळ असेल आणि दात हललेले नसतील, तर नवा रिटेनर तंजावरमध्येही करून घेता येतो. निघण्यापूर्वी एक जादा रिटेनर करून घेणे त्याहून सोयीचे. पुन्हा तारा लावण्याच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ असतो.

तिकडच्या जेवणात एक निराळाच धोका संभवतो. जेवताना काढलेला रिटेनर केळीच्या पानाच्या कडेला ठेवला जातो, जेवण आटोपल्यावर पान दुमडले जाते आणि दोन्ही एकत्रच टोपलीत जातात. कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेल्याचीही हीच गत. म्हणून रिटेनर तोंडात नसेल तेव्हा डबीतच हवा आणि ती डबी दप्तरात. पारदर्शक रिटेनर तोंडात असताना फिल्टर कॉफी पिऊ नये: उष्णतेने प्लास्टिक वाकते आणि साखर दातांभोवती साचून कीड लागते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो ठेवणे किंवा निर्जंतुक करण्याच्या हौसेने उकळत्या पाण्यात टाकणे, दोन्हींचा परिणाम तोच.

रोज साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने व सौम्य साबणाने रिटेनर घासावा. खरखरीत टूथपेस्टने पारदर्शक प्लास्टिकवर ओरखडे उठतात व त्यांत घाण धरते. चिकटवलेल्या तारेखालून विशेष दोरा किंवा दातांच्या फटीतील छोटा ब्रश फिरवावा. ही तार एखाद्या दातावरून सुटली तरी दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. अधूनमधून जीभ फिरवून पाहावी व आरशात तपासावे.

काही दिवस खंड पडल्यावर रिटेनर घट्ट वाटला, तर दात सरकू लागले आहेत असे समजावे. नीट बसत असेल तर पुन्हा नियमाने वापरावा आणि डॉक्टरांना कळवावे. पूर्ण बसतच नसेल, तर चावून दाबण्याचा प्रयत्न करू नये. तो तसाच डबीत घालून त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.