पेपर पाठवण्याआधी

पोरी, तू पाठवलेला मेसेज वाचला. ‘स्कोपस इंडेक्स्ड, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, सात दिवसांत स्वीकृती, फी भरताच प्रमाणपत्र.’ अगं, कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं माझं. सात दिवसांत नेलेलं पुस्तक परत येत नाही, आणि हे म्हणे दोन परीक्षकांकडून पेपर तपासून आणणार!

त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नकोस, खरी चोरी तिथेच असते. एखादं जुनं, नावाजलेलं जर्नल हेरायचं, त्याचं नाव आणि आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक उचलायचा, हुबेहूब संकेतस्थळ थाटायचं आणि फी गोळा करायची. नंबर खरा, यादीतलं नाव खरं, फक्त गल्ला दुसऱ्याचा. ॲना अबाल्किना या संशोधिकेनं २०२३ मध्ये शोध घेतला, तेव्हा अशी ६७ तोतया जर्नलं खुद्द स्कोपस या जर्नलांच्या सूचीत शिरलेली सापडली. त्यानंतर स्कोपसनं जर्नलांच्या संकेतस्थळांच्या लिंकाच काढून टाकल्या. म्हणजे बघ, राखणदारालाच दाराची खात्री उरली नाही.

म्हणून स्कोपसची ‘सोर्सेस’ यादी स्वतः उघड. तिला वर्गणी लागत नाही. जर्नलच्या नावाशेजारी कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत नोंद आहे ते दिसतं. शेवटचं साल नीट बघ. पुष्कळदा नाव तसंच राहतं, नवे अंक घेणं मात्र कधीच थांबलेलं असतं. मग संकेतस्थळावरच्या ताज्या अंकातले दोन-तीन लेख निवड आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून स्कोपसमध्ये शोध. जर्नल गणिताचं आणि ताज्या अंकात शेळीपालन, असं दिसलं तर काढता पाय घे. तरीही शंका उरली, तर संपादकाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर एक ओळ लिहून विचार की हे जर्नल तुमचंच ना. मला दोनदा ‘नाही’ असं उत्तर आलंय.

आता तो ७.८. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. स्कोपसचा आकडा वेगळा, त्याला साइटस्कोर म्हणतात. मेसेजमध्ये दोन्हींची भेळ दिसली की आधी विचारायचं, आकडा कोणी काढला? आणि खरा असला तरी हुरळून जाऊ नकोस. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या लेखांची संख्या, एवढंच ते गणित. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा आकडा दोनच्या आसपास असायचा. २००९ सालचा निघाला ४९.९! जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलेक्स या संगणक प्रणालीवरचा २००८ चा एक लेख जो तो सायट करत होता. त्या अंकांतल्या बाकीच्यांची बसल्या जागी चंगळ झाली.

गूगल स्कॉलरमध्ये दिसतं, असं कुणी सांगितलं तर नुसतं हस. २०२४ मध्ये दोन संशोधकांनी त्यांच्यातल्या एकाच्या आजीच्या लॅरी नावाच्या बोक्याच्या नावावर बनावट पेपर चढवले, आणि लॅरी जगातलं सर्वाधिक सायटेशन्स असलेलं मांजर ठरला.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, केअर यादीचं विचारलंस. यूजीसीनं आपल्या जुन्या यादीतली ४,३०५ जर्नलं मे २०१८ मध्ये एका फटक्यात वगळली. मग आपल्या पुणे विद्यापीठात कक्ष काढून २०१९ मध्ये केअर यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याची सूचना निघाली. तुझे गाइड अजून ‘केअरमध्ये आहे का’ विचारत असतील, तर वाद घालू नकोस. सूचनेची प्रत फाइलला लाव.

आणि पेपर पाठवशील त्या दिवशी आणि स्वीकृती येईल त्या दिवशी, स्कोपसच्या यादीतल्या त्या जर्नलच्या पानाची तारखेसकट प्रत काढून ठेव. आमच्या एका बाईंचा पेपर स्वीकारला तेव्हा जर्नल यादीत होतं, छापून आला तेव्हा नव्हतं. बढतीच्या मुलाखतीत कमिटीनं नेमकं तेच काढलं. बाईंनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर सपाट केला. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून कोपऱ्यातली तारीख वाचली, कागद शेजाऱ्याकडे सरकवला आणि पुढचा प्रश्न विचारला.