कुंपणावरची कळलावी आणि गल्लीतला कुत्रा

पावसाळ्यात वसई-विरार पट्ट्यात कुंपणांवर, तुंगारेश्वरच्या बाजूच्या रानात एक वेल चढते. फूल पिवळे-तांबडे, सहा पाकळ्या वर वळलेल्या, आगीच्या ज्वाळेसारख्या. पानाचे टोक दोऱ्यासारखे गुंडाळलेले असते, त्यावरून ओळख चुकत नाही. ही कळलावी. कोणी अग्निशिखा म्हणतात. फूल देखणे म्हणून काही जण कंद आणून दारातल्या डब्यात लावतात. ज्या घरात किंवा गल्लीत कुत्रा आहे, लहान मुले आहेत, तिथे ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वेलीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असते, सर्वांत धोकादायक कंद. कुत्र्याला माती उकरायची सवय, त्यात कंद वरवरच असतो. चावला की तोंडाची आग होते, लाळ गळते. काही तासांत उलट्या आणि जुलाब, कधी रक्ताचेही. मग एक-दोन दिवसांत विष लिव्हर, किडनी आणि रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर जाते. म्हणून उलट्या थांबल्या की कुत्रा वाचला असे समजू नका. या विषावर उतारा नाही, सलाईन आणि देखभाल एवढेच हाती असते. घरी मीठपाणी, तेल किंवा दूध पाजू नका. वेलीचा तुकडा पिशवीत घेऊन लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे जा.

आता महत्त्वाचे. लाळ गाळणारा, झोकांड्या खाणारा कुत्रा पिसाळलेलाही असू शकतो. कळलावी खाल्ली असेल म्हणून त्याच्या तोंडात हात घालायला जाऊ नका, मुलांना तर मुळीच जवळ जाऊ देऊ नका. चावला, ओरखडा काढला किंवा जखमेवर लाळ लागली, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या आणि पुढचे डोस चुकवू नका. हळद, चुना, मिरची लावू नका. घरचा पाळलेला कुत्रा असला तरी हेच. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

माणसालाही या कंदाने तसाच धोका आहे. श्रीलंकेत रताळे समजून खाल्लेल्यांच्या विषबाधेच्या नोंदी आहेत. आपल्याकडे करांदे, कोनफळ खणून आणणाऱ्यांनी कंद ओळखीचा नसेल तर चुलीवर ठेवूच नये. खाल्ला गेला तर 108 ला फोन करा, थांबून पाहू नका.

कळलावी हे नावच कळ लावणारी म्हणून पडले. अडलेल्या बाईच्या पोटावर, तळव्यांवर हा कंद उगाळून लावायची जुनी रीत होती. कोणी म्हातारी आजही सुचवेल. नम्रपणे नाही म्हणा आणि बाळंतिणीला दवाखान्यात न्या.

वेल काढायची तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून, कंद अख्खा खणून काढा. तुकडा राहिला की पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. उकिरड्यावर टाकू नका, भटकी कुत्री तिथेच येतात. पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत द्या. दारात कण्हेर असेल तर तीही काढा, ती हृदयावर जाते. फुले हवीतच तर जास्वंद लावा.