‘रेड अलर्ट’ घरच्या कॉम्प्युटरवर: खर्च किती, फसगत कुठे?

‘कमांड अँड कॉन्कर: रेड अलर्ट’ हा १९९६चा युद्धाचा गेम आज खेळायचा असेल, तर पाकीट उघडण्याआधी एवढे जाणून घ्या: तो एक रुपयाही न देता, पूर्ण कायदेशीरपणे खेळता येतो. लास वेगासच्या वेस्टवूड स्टुडिओजने तो बनवला. ती कंपनी विकत घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, म्हणजे ईएने, २००८ मध्ये तो मोफत जाहीर केला. त्यामुळे कोणी ‘जुना रेड अलर्ट, फक्त २९९ रुपये’ म्हणून पेन ड्राइव्ह पुढे केला, तर तो तुम्हाला फुकटचीच वस्तू विकतो आहे.

कागदपत्रे कोणतीही लागत नाहीत. आधार, पॅन किंवा फोटो कोणी मागितला, तर तिथेच थांबा. विकत घ्यायचा झाल्यास ईमेल, मोबाइल आणि यूपीआय एवढे पुरते.

मार्ग पहिला: ओपनआरए. खर्च शून्य

बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी. स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेला हा गेम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. जुन्या लॅपटॉपलाही तो जड जात नाही. खाते उघडावे लागत नाही, जाहिराती नाहीत, आत काही विकतही नाही.

ओपनआरए डॉट नेट या अधिकृत साइटवरूनच घ्या. पहिल्यांदा सुरू केल्यावर तो मूळ गेमची चित्रे आणि आवाज मागतो. ‘क्विक इन्स्टॉल’ निवडलात की आवश्यक तेवढे स्वतःच उतरवून घेतो. साधे ब्रॉडबँड असेल, तर पाव-अर्ध्या तासात पहिला रणगाडा बाहेर पडतो. विंडोजने ‘अनोळखी प्रकाशक’ असा इशारा दिला, तर फाइल अधिकृत साइटवरचीच आहे ना, हे पाहून मगच पुढे जा.

एक फरक ध्यानात ठेवा. ही हुबेहूब जुनी प्रत नाही. सैन्याचे बळ, नियम आणि माउसची पद्धत आजच्या खेळाडूंसाठी बदललेली आहे. ऑनलाइन सामन्यांसाठी ती उत्तम. जुन्या मोहिमा जशाच्या तशा हव्या असतील, तर पुढचे मार्ग पाहा.

मार्ग दुसरा: मूळ गेम. खर्च शून्य, खटपट थोडी

मूळ गेम दोन सीडींवर यायचा. एकीवर मित्रराष्ट्रांची मोहीम, दुसरीवर सोव्हिएतची, प्रत्येकी १४ टप्प्यांची. जुनी सीडी ‘दुर्मीळ’ म्हणून हजार-दोन हजारांना घेऊ नका. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो आणि त्या काळचा इन्स्टॉलर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. कपाटात ठेवायची हौस असेल तर घ्या, खेळण्यासाठी नको.

त्याऐवजी सीएनसीनेट डॉट ऑर्ग पाहा. खेळाडूंनीच चालवलेली ही सेवा जुना गेम आजच्या विंडोजवर चालेल अशा स्वरूपात देते आणि ऑनलाइन सामनेही जमवून देते. सभासद शुल्क नाही.

मार्ग तिसरा: रिमास्टर्ड कलेक्शन. पैसे मोजण्याजोगा

जून २०२० मध्ये ईएने ‘कमांड अँड कॉन्कर रिमास्टर्ड कलेक्शन’ काढला. मूळ गेम बनवणाऱ्यांपैकी काही जणांनी पुढे पेट्रोग्लिफ ही कंपनी काढली होती. रिमास्टर्डचे काम त्याच कंपनीने केले. एका किमतीत १९९५चा पहिला ‘कमांड अँड कॉन्कर’, ‘रेड अलर्ट’ आणि दोघांच्या मिळून तीन पुरवण्या येतात. शिवाय ४के चित्रे, नव्याने घडवलेले संगीत आणि नकाशे बनवण्याचे साधनही. एकट्याने खेळताना स्पेसबार दाबला की जुनी आणि नवी चित्रे तिथल्या तिथे बदलतात. एकामागून एक तुकड्यांची ऑर्डर रांगेत लावण्याची सोयही आहे. मूळ गेममध्ये ती नव्हती.

जाहीर झाला तेव्हा किंमत १९.९९ डॉलर होती. भारतातली रुपयांतली किंमत स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावरच दिसते. पण घाई करू नका. स्टीमवर वर्षभरात अनेक मोठे सेल लागतात आणि तेव्हा हा गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळालेला आहे. गेम ‘विशलिस्ट’मध्ये टाका. सवलत लागली की ईमेल येतो.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, मशीन. विंडोज १० (६४-बिट), ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कवर ३२ जीबी मोकळी जागा. मॅकसाठी अधिकृत आवृत्ती नाही.

दुसरी, इंटरनेट. दिवसाला २ जीबीच्या मोबाइल पॅकवर हा उतरवायला बसलात, तर आठवडा-दोन आठवडे त्यातच जातील. जास्तीचे डेटा व्हाउचर मारत गेलात, तर गेमपेक्षा डेटाच महाग पडेल. ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडे लॅपटॉप एका रात्रीसाठी ठेवा.

तिसरी, माउस. टचपॅडवर हा गेम नीट खेळता येत नाही. साधा वायरचा माउस पुरतो. ‘गेमिंग’ लिहिलेल्या महागड्या माउसची आणि कीबोर्डची गरज नाही.

नावे सारखी, माल वेगळा

इथे बरेच जण चुकतात. २०२४ मध्ये स्टीमवर आलेल्या ‘अल्टिमेट कलेक्शन’मध्ये मालिकेतले १७ गेम आणि पुरवण्या आहेत. मूळ किंमत २९.९९ डॉलर. नाव ‘अल्टिमेट’ असले, तरी त्यात रिमास्टर्ड नाही. त्यातला रेड अलर्ट जुन्या चित्रांचाच आहे. तुम्हाला ‘रेड अलर्ट २’ किंवा ‘जनरल्स’ हवे असतील, तर हा संच फायद्याचा. फक्त पहिला रेड अलर्ट हवा असेल, तर घेऊ नका.

उलटही लक्षात ठेवा: मोफत जाहीर झाला तो पहिला रेड अलर्ट. ‘रेड अलर्ट २’ तसा जाहीर झालेला नाही. तो ‘फ्री’ देणारी साइट चोरीचा माल देते आहे आणि सोबत व्हायरस देण्याचीही शक्यता मोठी. २०२५ मध्ये ईएने काही जुन्या गेमचा सोर्स कोड खुला केला. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना तो उपयोगी आहे, पण त्यात चित्रे, संगीत आणि चित्रफिती येत नाहीत. कोड खुला म्हणजे गेम फुकट, असा अर्थ काढू नका.

पैसे भरताना

शक्यतो यूपीआय वापरा. कार्डाने भरल्यास व्यवहार परदेशातून झाला म्हणून काही बँका अधिभार लावतात आणि तो नंतर स्टेटमेंटमध्येच दिसतो. स्टीमच्या वॉलेटमध्ये ठरावीक रकमाच भरता येतात आणि उरलेले पैसे तिथेच पडून राहतात. म्हणून गेमच्या किमतीएवढेच थेट भरा.

आणखी एक अट. स्टीमवर एकूण ५ डॉलर खर्च होईपर्यंत खाते मर्यादित राहते आणि तुम्हाला कोणाला ‘फ्रेंड’ म्हणून जोडता येत नाही. बाहेरून घेतलेली गेमची ‘की’ (कोड) या हिशेबात धरत नाहीत.

ईएच्या ‘ईए प्ले’ सेवेसारखी मासिक वर्गणी स्वस्त वाटते, पण ती आपोआप पुढे चालू राहते. वर्गणी घेतलीच, तर त्याच दिवशी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बंद कसा करायचा ते पाहून ठेवा. एकच गेम खेळायचा असेल, तर सेलमध्ये तो कायमचा घेणे परवडते.

आवडला नाही तर?

स्टीमवरची खरेदी १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी असताना परत करता येते. गेम नुसता चालू ठेवून जेवायला गेलात, तरी घड्याळ चालूच राहते. म्हणून पहिल्या तासातच चित्रे अडकतात का, आवाज येतो का, ऑनलाइन सामना लागतो का, हे तपासा. परतावा मागताना ‘वॉलेट’ऐवजी ‘मूळ पेमेंट पद्धत’ निवडा, नाहीतर पैसे स्टीममध्येच राहतील.

इथे पैसे घालवू नका

टेलिग्राम-इन्स्टाग्रामवर ‘स्टीम अकाउंट, सगळे गेम, १५० रुपये’ अशा जाहिराती दिसतात. खाते विकणे स्टीमच्या नियमांत बसत नाही. मूळ मालक कधीही पासवर्ड बदलतो आणि तुम्हाला दाद मागता येत नाही. दुकानदार ‘इन्स्टॉलेशन चार्ज’ मागत असेल, तर आधी लेखी विचारा: मी कोणती आवृत्ती घेतो आहे आणि ती कोणाच्या खात्यावर राहणार? उत्तर मिळाले नाही, तर पैसे देऊ नका.

ऑनलाइन फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे थांबण्याची शक्यता जास्त. दुकानदाराबद्दलच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दोन्हीकडे पावती, यूपीआय क्रमांक आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट लागतात. ते जपून ठेवा.

आमचा सल्ला

या आठवड्यात ओपनआरए मोफत उतरवा आणि चार-सहा सामने खेळा. गोडी लागली, जुन्या मोहिमा पूर्ण करायची इच्छा झाली, तर पुढच्या सेलमध्ये रिमास्टर्ड घ्या. त्याची किंमत योग्य आहे. गोडी लागली नाही, तर गेम काढून टाका. तुमचा एक रुपयाही गेलेला नसेल.