लाल कार्डानंतर पंचाचे काम


पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात आपली मुले फुटबॉल खेळतात, पंचगिरीही करतात. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून कार्डे आली. पण पंचाची खरी कसोटी लाल कार्ड दाखवल्यावर लागते. नियम १२ प्रमाणे त्या खेळाडूने मैदानच नव्हे, आसपासची जागा व राखीव खेळाडूंचा बाकही सोडावयाचा असतो. गावच्या मैदानाला कुंपण नसते. तो रेषेवर थांबला की आधी शिवीगाळ, मग मारामारी. म्हणून तो लांब जाईपर्यंत शिट्टी वाजवू नये. पंचाने अंगाला हात लावू नये, हुज्जत घालू नये, कर्णधारास सांगावे. पोर लहान असेल तर सोबत जाणता माणूस द्यावा. तरीही ऐकले नाही, तर सामना बंद करून लेखी अहवाल द्यावा. बांध फुटण्याआधीच पाणी वळवावे, हे आपणांस सांगायला नकोच.