पेटी एकटी का रुसते?



वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी तुम्ही ऐकली असेलच. आपण ज्याला बँजो म्हणतो ते खरे तर बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो भारतीय अवतार होय. काही वादक आवाजाला धार यावी म्हणून बँजो आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये गिटारवाल्यांची एक लहानशी पेटी जोडतात. तिचे बटण पायाने दाबायचे, म्हणून तिला पेडल म्हणतात.

मुरुमचा एक विद्यार्थी अशीच एक जुनी जपानी पेटी घेऊन माझ्याकडे आला. पेटी त्याच्या चुलत्यांची होती. "सर, नवा अडॅप्टर आणला, तरी दिवा मिणमिणतो आणि आवाज दबल्यासारखा येतो. उद्या वरात आहे!" मग त्याने एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. हीच पेटी दुसऱ्या पेटीच्या जोडीला लावली, आणि दोन तोंडांच्या वायरने एकाच अडॅप्टरवर दोन्ही चालवल्या, की ती ठणठणीत वाजते. एकटी असली की रुसते!

आता शोध कसा घ्यायचा? सोप्यापासून सुरुवात करावी. वाद्याची पिन जॅकमध्ये पूर्ण बसली आहे ना, हे आधी पाहिले. अशा बहुतेक पेट्यांत ती पिनच स्विचचे काम करते. पिन काढली की बॅटरी तुटते व वाचते. पिन ठीक होती. अडॅप्टरच्या टोकांवर मीटर लावला, तर ९ व्होल्ट. म्हणजे अडॅप्टर निर्दोष. नव्या बॅटरीवरही पेटी उत्तम वाजली. म्हणजे आवाज घडवणारे मंडल निर्दोष. दोष राहिला तो या दोहोंमधल्या वाटेत.

पेटी उघडली आणि ती चालू असतानाच मंडलाच्या दोन टोकांवर मीटर लावला. तेथे फक्त ६ व्होल्ट! मग उरलेले ३ व्होल्ट गेले कोठे? अडॅप्टरच्या ऋण टोकाकडून मंडलाकडे येणाऱ्या वाटेत एक डायोड आणि ४७० ओहमचा रोधक होता. डायोडवर ०.६५ व्होल्ट मिळाले, रोधकावर २.३५ व्होल्ट. बेरीज करा : ६ + ०.६५ + २.३५ = ९. किरखॉफ यांनी १८४५ साली मांडलेला नियम हिशेब चोख जुळवतो. आणि ओहम यांचा १८२७ चा नियम प्रवाहही सांगतो : २.३५ ला ४७० ने भागले की ०.००५ अँपिअर, म्हणजे ५ मिलिअँपिअर.

पण हे अडथळे ठेवलेच कशाला? त्या काळच्या अडॅप्टरमधून हलक्या भाराला सुमारे १२ व्होल्ट मिळत. त्यांतले ३ वाटेत खर्च झाले की मंडलाला नेमके ९ पोचत. शिवाय रोधक आणि धारित्र मिळून १०० हर्ट्झची घरघर कमी करत. म्हणजे पेटी बिघडली नव्हतीच. जुन्या पेटीला नव्या काळचा, नेमका ९ व्होल्टचा अडॅप्टर मिळाला होता, इतकेच.

आता जोडीचे कोडे. दुसऱ्या पेटीत असा अडथळा नव्हता. दोन पेट्यांना जोडणाऱ्या केबलच्या बाहेरच्या जाळीने दोघींची ऋण बाजू एक झाली. पहिल्या पेटीच्या प्रवाहाला रोधक टाळून, जाळीवाटे शेजारणीच्या घरातून परत जाण्याची मोकळी वाट मिळाली!

उपाय सोपा. वरातीसाठी नवी बॅटरी घातली. पुढे रोधक व डायोड यांना तारेने वळसा देता येईल. पण मग त्या पेटीला जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर कधीही लावू नये, आणि तशी चिठ्ठी पेटीवर चिकटवावी. शिवाय डायोड नसल्याने उलट्या जोडणीपासूनचे संरक्षणही जाईल.

सगळ्या पेट्या सारख्या नसतात, हेही ध्यानात ठेवा. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या 'फझ फेस' या पेटीत जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर होते, आणि तिची धन बाजू धातूच्या खोक्याला जोडलेली असे. ती साध्या पेटीबरोबर एकाच अडॅप्टरवर लावली, तर केबलच्या जाळीतून धन आणि ऋण थेट भेटतील, म्हणजेच शॉर्ट सर्किट!

करून पाहा : ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहम आणि १००० ओहमचे रोधक एकामागे एक जोडा. १००० ओहमवर सुमारे ६ व्होल्ट दिसतील. ४७० ओहमला तारेने वळसा द्या. पूर्ण ९ दिसतील. आता तार काढा, १००० ओहमचा रोधकही काढा आणि त्याच्या जागी नुसता मीटर लावा. ४७० ओहम वाटेत असूनही पुन्हा ९ व्होल्ट! का बरे? कारण मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही, आणि प्रवाह नाही तर रोधकावर घटही नाही.

म्हणून दाब मोजावा तो काम चालू असताना, आणि जेथे काम होते तेथेच. प्रयोग फक्त बॅटरीवर करा. घरातील विजेला लावलेला अडॅप्टर कधीही उघडू नका.